मेंढीचं काळीज, कृष्णेतला मासा आणि मुलाचे केस

प्रश्न : मॅडम, मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. घर जत तालुक्यात, आमची माडग्याळ जातीची मेंढरं आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतर चुलत्यांनी कळप तासगावकडे एका द्राक्षबागेत बसवला होता. छाटलेला पाला मेंढरांनी पोटभर खाल्ला. त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. मग परतीच्या वाटेवर एकेक मेंढरू सुस्तावायला लागलं. डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, आणि दोन-तीन दिवसांत खलास. बागेवर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं औषध, मारलेलं असतं, म्हणून मला तांब्याचा संशय आहे. एका मेंढीचं काळीज, म्हणजे यकृत, मी घरी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलंय. एक प्रयोगशाळा म्हणते, नमुना विरघळवून आणा, आम्ही मशीनवर घेऊ. विरघळवायचं कसं? काळीज फॉर्मेलिनमध्ये ठेवलं तर चालेल का? नायट्रिक ॲसिड मिळालं तर घरीच हॉटप्लेटवर करू का?
— एक वाचक, जत

उत्तर : वयाने तू माझ्या विद्यार्थ्यांएवढा, म्हणून अरे-तुरेच करते. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते पोचायला उशीर व्हायला नको. घरी करायचं नाही. गोठ्यात नाही, परसात नाही, गच्चीवर वारा आहे म्हणूनही नाही. नायट्रिक ॲसिडमध्ये मांस पडलं की तपकिरी धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. श्वासातून गेला की तेव्हा नुसता खोकला येतो, आणि फुप्फुसात पाणी भरतं ते काही तासांनी, माणूस जेवून झोपल्यावर. तुझ्या कॉलेजात धूर ओढून घेणारं कपाट असेल, तिथे सरांना सोबत घेऊन कर. कुणी ‘लवकर होतं’ म्हणून परक्लोरिक ॲसिड घालायला सांगितलं तर तिथेच नको म्हण. चरबी असलेल्या नमुन्यात ते तापलं की स्फोट होतो. त्यासाठी वेगळी बांधणी केलेलं कपाट लागतं, आणि तुझ्या कामाला त्या ॲसिडची गरजही नाही.

आता तुझ्या संशयाबद्दल. तू सांगितलेली हकिगत तांब्याच्या विषबाधेशी जुळते. मेंढीला जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकणं गाईसारखं जमत नाही, ते काळजात साठत जातं. आठवडेच्या आठवडे वरून काही दिसत नाही. मग लांबची चाल, उपासमार, गाडीतला प्रवास असा काही ताण आला की काळजाच्या पेशी फुटतात, साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं आणि तांबड्या पेशी फुटायला लागतात. म्हणून मेंढरं बागेत मेली नाहीत, परतीच्या वाटेवर मेली. बोर्डोचं म्हणशील तर एक टक्क्याच्या मिश्रणात शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद असतं, आणि एक किलो मोरचुदात जवळजवळ पाव किलो निव्वळ तांबं. फ्रान्समध्ये वाटसरूंनी रस्त्याकडेची द्राक्षं तोडू नयेत म्हणून वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत, त्यातून वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ मध्ये हे औषध जगापुढे मांडलं. ते पानाला चिकटून राहतं म्हणूनच वापरतात, आणि तोच पाला तुमच्या मेंढरांनी खाल्ला.

पण पिवळे डोळे आणि लाल लघवी गोचिडातून येणाऱ्या बबेसिया या आजारातही दिसते, लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या आजारातही दिसते. आकडा हातात येईपर्यंत बागायतदाराला दोषी धरू नका. तुमचे चुलते पुढच्या वर्षी त्याच वाटेने जाणार आहेत, त्याच माणसाकडे पाणी मागणार आहेत.

फॉर्मेलिन : हो आणि नाही. काळजाचा एक लहान तुकडा दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेव, तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. धातू मोजायचा तुकडा मात्र त्यात घालू नको. ऊतकातला धातू हळूहळू त्या पाण्यात उतरतो, आणि त्या पाण्यातलं काही ऊतकात येतं. मग मशीन जो आकडा देईल तो मेंढीचा आणि बाटलीचा मिळून असेल. धातूसाठीचा तुकडा गोठवूनच ठेवायचा. आणि पुढचं मेंढरू दगावलं, देव करो आणि तशी वेळ न येवो, तर मूत्रपिंडही घे. रक्तपेशी फुटायला लागल्या की काळजातलं तांबं कधी कधी उतरलेलं दिसतं आणि मूत्रपिंडातलं वाढलेलं. नुसत्या काळजावर निकाल लावला तर खरी विषबाधा हातून निसटू शकते. अशा मेंढीचं मूत्रपिंड उघडल्यावर गडद, बंदुकीच्या नळीच्या रंगाचं दिसतं. तू ते बघितलं असशील तर वहीत लिहून ठेव, फोटो असेल तर जपून ठेव.

फ्रीजमधलं काळीज आता कसं घ्यायचं? ते अख्खं गोठलंय, म्हणजे वितळताना त्यातून लालसर पाणी सुटणार. ते ओतून देऊ नकोस, त्यातही तांबं आहे. पिशवीसकट अर्धवट वितळू दे. सुरीने कापता येईल पण पाणी सुटणार नाही, एवढंच. पित्ताशयाजवळचा भाग सोड, मोठ्या नसा सोड. एका पाळीतून वीस-तीस ग्रॅमचा ठोकळा काढ, चारी बाजूंनी बाहेरचा थर छाटून टाक आणि आतला भाग घे. नळाच्या पाण्याखाली धरू नको. त्याचे दोन भाग कर, एक कामाला आणि एक राखून ठेवायला. झिपच्या नव्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्हींच्या मध्ये पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी : कुठली मेंढी, वय, मेल्याची तारीख, कापल्याची तारीख, कुठली पाळी. शाईने लिहिलेलं फ्रीजच्या ओलीत पुसतं. अशा पिशव्या माझ्याकडे येत, आतला नमुना उत्तम आणि वर फक्त निळा डाग. तो नमुना कुणाचा, कुठला, हे मग कुणीच सांगू शकत नसे.

सुरीबद्दल मला नेहमी विचारतात. पुस्तकात टायटॅनियमची किंवा चिनी मातीची सुरी सांगितलेली असते. तुला तांबं मोजायचंय, तर चांगल्या स्टीलच्या सुरीने काम भागेल. क्रोमियम किंवा निकेल मोजायचं असतं तर मीच तुला ती बाजूला ठेवायला लावली असती, कारण ते दोन्ही स्टीलमध्येच असतात. जस्त मोजताना रबरी हातमोजे आणि रबरी बूच यांची काळजी घ्यावी लागते, कारण रबरात झिंक ऑक्साइड असतं. तुला जपायचंय ते तांब्या-पितळेला. पितळी खलबत्ता नको, पितळी चाळण नको, तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी तर अजिबात नको. आणि एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडच्या जुन्या कॉलेजांत डिस्टिल्ड वॉटरचं जे यंत्र भिंतीला टांगलेलं असतं, त्याची टाकी आतून कल्हई केलेल्या तांब्याची असू शकते. कल्हई गेलेली असेल तर त्या पाण्याने तू धुतलेली प्रत्येक गोष्ट तांबं घेऊन येईल. यंत्र उघडून बघ.

भांडी काचेपेक्षा पॉलिप्रॉपिलीनची किंवा टेफ्लॉनच्या जातीची घे. ती दहा टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून ठेवायची, मग शुद्ध पाण्याने तीनदा खळबळून, धूळ बसणार नाही अशी उपडी वाळवायची. आमच्या प्रयोगशाळेत हे काम एक मामा करत. त्यांनी भांडं धुतलं असेल तर मी डोळे मिटून वजन करायला घेई. अशा माणसांची नावं शोधनिबंधात येत नाहीत, ती यायला हवीत असं मला आजही वाटतं.

आता ओलं आणि कोरडं वजन. इथे थांबून नीट वाच, कारण तुमच्या प्रकरणात भांडण होणार असेल तर ते इथेच होईल. काळजात साधारण सत्तर टक्के पाणी असतं. म्हणजे वाळवलेल्या पुडीत ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग) तांबं निघालं तर ओल्या काळजावर ते ९० पीपीएम होतं. पशुवैद्यकाची पुस्तकं मेंढीच्या काळजात ओल्या वजनावर १५० पीपीएमच्या वर गेलं की गंभीर धरतात. तेव्हा अहवालात नुसतं ‘तांबं : ३०० पीपीएम’ असं आलं, तर कोरड्यावरचं असल्यास मेंढी त्या रेषेच्या आत आहे आणि ओल्यावरचं असल्यास रेषेच्या दुप्पट. एकाच आकड्याने बागायतदार सुटतोही आणि अडकतोही. म्हणून कापल्या कापल्या चार-पाच ग्रॅमचा वेगळा तुकडा अचूक तोलून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेव, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळव आणि पाण्याचं प्रमाण स्वतः काढ. सत्तर टक्के हा माझा अंदाज आहे. बर्फाच्या कप्प्यात पडून राहिलेलं काळीज सुकतं, त्याचं प्रमाण बदललेलं असणार.

विरघळवायला वाळवलेली पूड अर्धा ग्रॅम घे. पूड अ‍ॅगेट या कठीण दगडाच्या किंवा चिनी मातीच्या खलात कर, म्हणजे नसेचा तुकडा एका चिमटीत आणि नुसतं काळीज दुसऱ्या चिमटीत असं होणार नाही. त्यावर तीव्र नायट्रिक ॲसिड पाच ते आठ मिली. झाकण सैल ठेवून कपाटात रात्रभर राहू दे. पहिला फेस आणि पहिला धूर त्या रात्रीत निघून जातो. घाई करून लगेच तापवलं तर नमुना उकळून भांड्याबाहेर येतो. दुसऱ्या दिवशी, प्रयोगशाळेचा बंद भांड्यांचा मायक्रोवेव्ह असेल तर हळूहळू १८० ते २०० अंशांपर्यंत नेऊन पंधरा-वीस मिनिटं धरायचं आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचं नाही. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह या कामाचा नाही. नुसती हॉटप्लेट असेल तरी चालेल, ९५ अंशांच्या आसपास संथ तापव आणि कधीही कोरडं पडू देऊ नकोस. गार झाल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने, एक-दोन मिली, आणि पुन्हा थोडं तापवायचं. रंग तपकिरीवरून फिकट पिवळा आला आणि तळाशी काही उरलं नाही की झालं. वर चरबीची बारीक तवंग दिसली तर घाबरू नको, तांबं खाली पाण्यात आलेलं असतं. शुद्ध पाण्याने ५० मिली कर.

हिशेब बघ. अर्धा ग्रॅम पुडीत ३०० पीपीएम तांबं म्हणजे १५० मायक्रोग्रॅम, ते ५० मिलीत म्हणजे लिटरला ३ मिलिग्रॅम. एवढं तांबं ज्योतीच्या साध्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्रावर आरामात मोजलं जातं. ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलेली ही पद्धत आपल्याकडे पुष्कळ कॉलेजांत आहे. आयसीपी-एमएस या अतिसूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या महागड्या यंत्रासाठी पैसे घालवू नका. ते यंत्र कुणी वापरलंच तर त्यांना विचार, की ६३ वस्तुमानाचं तांबं मोजता की ६५. शरीरातलं सोडियम यंत्रातल्या आरगॉनला जोडून ६३ वरच येऊन बसतं. दोन्ही मोजून आकडे जुळतात का बघणारा माणूस भरवशाचा.

आणि ब्लँक. तू तयार केलेल्या प्रत्येक खेपेत एक-दोन भांडी अशी ठेव, ज्यांत काळीज नाही पण बाकी सगळं आहे. तेच ॲसिड, तेच पाणी, तीच रात्र, तीच हॉटप्लेट. क्लेअर पॅटरसन अमेरिकेत उल्केतलं शिसं मोजून पृथ्वीचं वय काढायला बसले, तेव्हा त्यांना नमुन्यापेक्षा प्रयोगशाळेतच जास्त शिसं सापडत होतं. हवेत, नळात, माणसांच्या केसांत. त्यांनी खोली, भांडी, ॲसिड सगळं स्वच्छ करत नेलं, आणि १९५६ मध्ये ४५५ कोटी वर्षं हा आकडा दिला, जो आजही टिकून आहे. पुढे ते पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध उभे राहिले, कारण ब्लँकमध्ये दिसलेलं शिसं कुठून येतं हे त्यांना कळलं होतं. आपल्याकडे ते पेट्रोल २००० साली बंद झालं. तुझ्या ब्लँकमध्ये तांबं दिसलं तर चिडू नको. ते पाण्यातून आलं की ॲसिडमधून, ते शोध आणि मग पुढे जा. ब्लँक स्वच्छ असेल तर प्रयोगशाळेत नेहमी वापरतात ते साधं ए.आर. दर्जाचं ॲसिडही या कामाला पुरतं.

प्रयोगशाळेला आणखी एक विचार : गाईच्या काळजाची प्रमाणित पूड तुम्ही सोबत चालवता का? अमेरिकेची एनआयएसटी ही संस्था १५७७ या क्रमांकाने ती देते, तांब्याचं प्रमाण प्रमाणपत्रावर छापलेलं असतं. तुमच्या पद्धतीने तेवढंच आलं पाहिजे. पूड महाग आहे. नसली तर निदान एका नमुन्यात माहीत असलेलं तांबं घालून ते पूर्ण परत मिळतं का, एवढं तरी करून घे.

शेवटचं. एका मेंढीच्या आकड्यावर थांबू नकोस. बागेत न गेलेल्या, शक्यतो जतकडच्याच मेंढीचं काळीज खाटकाकडून आण आणि शेजारी चालव. बागेतला पाला घे, पाणी पाजलेल्या हौदाचं पाणी घे. जनावरांचं खनिज मिश्रण मेंढरांना दिलं होतं का, बागेत कोंबडीखत टाकलं होतं आणि मेंढरांनी ते चघळलं का, हेही चुलत्यांना विचार. गाई-कोंबड्यांच्या खाद्यात घातलेलं तांबं मेंढीला जड जातं. पाला निर्दोष आणि खत दोषी, असंही निघू शकतं. रोगांची बाजू तपासायला पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, फॉर्मेलिनमधला तुकडा आणि रक्ताची काचपट्टी तिकडे पाठव. आणि उरलेल्या मेंढरांना लांब चालवू नका. ज्यांच्या काळजात साठलंय पण अजून फुटलं नाही अशी त्यांच्यात असतील.

प्रश्न : सांगलीत माई घाटापासून हरिपूरच्या संगमापर्यंत कृष्णेतले मासे घेऊन विद्यार्थ्यांकडून जड धातू मोजून घ्यायचा विचार आहे. मासा अख्खा मिक्सरला लावावा का?
— एक प्राध्यापक, सांगली

उत्तर : सर, अख्खा लावू नका. त्याने आकडा येईल, पण कशाचा ते कळणार नाही. आतड्यातली माती, कल्ल्यांत अडकलेला गाळ, खवल्यांवरची धूळ सगळं एक होतं, आणि गाळात शिसं-लोखंड भरपूर असतं. मासा खाणाऱ्याची काळजी असेल तर पाठीच्या वरच्या भागातलं मांस घ्या, कातडी आणि काटे काढून. नदीची आणि माशाची तब्येत बघायची असेल तर काळीज, मूत्रपिंड, कल्ले वेगवेगळे घ्या. पारा मांसात साठतो, कॅडमियम मूत्रपिंडात आणि काळजात. मांसात कॅडमियम सापडलं नाही म्हणून नदी स्वच्छ ठरत नाही.

पारा मोजणार असाल तर तो नमुना ओव्हनमध्ये वाळवू नका, राख करण्याचा तर प्रश्नच नाही. पारा उडून जातो आणि अहवालात सुंदर शून्य येतं. ओल्या मांसावरच बंद भांड्यात काम करा आणि पाण्याचं प्रमाण वेगळ्या तुकड्यावर काढा. आर्सेनिक आयसीपी-एमएसवर करणार असाल तर विरघळवताना हायड्रोक्लोरिक ॲसिड टाळा. क्लोरीन आणि आरगॉन मिळून आर्सेनिकच्याच ७५ वस्तुमानावर दिसतात. मिठामुळे थोडं क्लोराइड मांसात असतंच, त्यामुळे यंत्रावर हा घोळ दूर करायची सोय सुरू आहे ना, तेही बघा.

प्रत्येक माशाची लांबी आणि वजन आधी लिहून घ्या. चिलापी आणि मरळ एका डब्यात टाकू नका. मरळ दुसरे मासे खाते, पारा तिच्यात जास्त चढलेला असणार, आणि मोठ्या मरळीत लहानीपेक्षा जास्त. घाटागणिक फरक दाखवायचा असेल तर एकाच जातीचे, जवळपास एकाच मापाचे मासे घ्या. मासे कोळ्यांकडून थेट घ्या, बाजारातला मासा कुठल्या पाण्यातला ते विकणाऱ्यालाही नेमकं ठाऊक नसतं. पहिल्या वर्षी एकच धातू आणि एकच जात नीट करा. विद्यार्थी मुलं आहेत, त्यांना सगळं एकदम करायचं असतं, पण ब्लँक जमेपर्यंत त्यांना मासा देऊ नका.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. एका खासगी कंपनीने त्याचे केस तपासून शिसं, ॲल्युमिनियम आणि आणखी चार धातू ‘वाढलेले’ सांगितले आणि शरीरातून धातू काढायचा कोर्स सुचवलाय. बरोबर असेल का?
— एक आई, मिरज

उत्तर : ताई, तो कोर्स आत्ता सुरू करू नका. केस हेही ऊतकच, पण ते सहा महिने उन्हात, धुळीत, तेलात आणि बोअरच्या पाण्यात असतात. बाहेरून चिकटलेला धातू आणि आतून आलेला धातू वेगळा करायचा तर केस आधी धुवावे लागतात, आणि कमी धुतले तर बाहेरचा राहतो, जास्त धुतले तर आतलाही जातो. म्हणून एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी जुळत नाही. पाऱ्याच्या काही अभ्यासांत केसांचा चांगला उपयोग होतो. मुलाच्या शिशासाठी मात्र रक्तच तपासायचं.

बालरोगतज्ज्ञांना सांगून शिरेतल्या रक्तातलं शिसं करून घ्या. बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचं शिसं मिसळतं, म्हणून शिरेतलंच. नळी धातूंच्या तपासणीसाठी असते ती, सहसा गडद निळ्या बुचाची. शंभर मिलीला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शन आहे. शोध घरातूनच सुरू करा. डोळ्यांत सुरमा घालता का, देव्हाऱ्यातला शेंदूर मुलाच्या हाताला लागतो का, जुन्या खिडकीचा रंग सुटतोय का, घरात कुणी बॅटरीच्या दुकानात काम करून त्याच कपड्यांत मुलाला उचलून घेतं का. सुरम्यात आणि शेंदरात शिसंच असू शकतं. औषध द्यायचं की नाही ते रक्ताचा आकडा बघून डॉक्टर ठरवतील, आणि ती औषधं स्वतःही मुलाला त्रास देऊ शकतात. केसांचा अहवाल त्यांना दाखवा, पण पैसे भरण्याआधी रक्ताचा येऊ द्या.